जाड अंगाच्या बाईने ऑफिसचे कपडे कसे निवडावेत, कसे शिवून घ्यावेत

नोकरीची पहिली मुलाखत असो, बँकेत रुजू व्हायचं असो की बढतीनंतर साहेब लोकांच्या मीटिंगला बसायचं असो, जाड बाईची कपडेखरेदी बहुतेकदा एकाच वाक्यापाशी अडते: "मॅडम, तुमच्या साइझमध्ये एवढंच आहे." मग त्या एवढ्यातलं जे अंगात शिरतं ते घेऊन आपण घरी येतो. अंगात शिरणं वेगळं आणि अंगावर बसणं वेगळं. मी बायकांचे कपडे शिवते, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या जणी दुकानातून आणलेला नवा कोरा कपडा दुरुस्तीलाच घेऊन येतात.

याचं कारण आधी समजून घ्या, म्हणजे आरशासमोर स्वतःला दोष देणं थांबेल. रेडिमेड कपड्याचा मूळ नमुना मध्यम मापावर कापतात. पुढची मापं त्यावरून ठरावीक इंचांनी वाढवत नेतात. धंद्यात याला ग्रेडिंग म्हणतात. छाती वाढवली की त्याबरोबर खांदा, गळा, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) सगळंच वाढतं. माणूस असा वाढत नाही. वजन वाढलं की पोट, दंड, नितंब भरतात, खांद्याचं हाड आहे तिथेच राहतं. म्हणून थ्री एक्सएलचा कुर्ता पोटावर बरोबर, पण खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, गळा एका बाजूने घसरून ब्राची पट्टी दिसतेय, आणि एवढं करून दंडाला बाही घट्टच. त्यात आपल्याकडे बरीच वर्षं भारतीय अंगाचं असं मापांचं कोष्टकच नव्हतं. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने ‘इंडियासाइझ’ नावाने सहा शहरांतल्या २५ हजारांवर लोकांची थ्री-डी स्कॅनरने मापं घेण्याचा प्रकल्प हाती घेतला तो याचसाठी. तोवर एका ब्रँडचा डबल एक्सएल म्हणजे दुसऱ्याचा फोर एक्सएल, हे चालायचंच. चिठ्ठीवरचा आकडा कात्रीने कापून टाका हवं तर, पण त्यावरून कपडा नाकारू नका.

आधी आतले कपडे

हे सांगितलं की बायका हसतात, पण ब्लाउज नीट न बसण्याचं पहिलं कारण ब्रा असते. गल्लीतल्या दुकानात बहुतेक वेळा बी आणि सी कपच मिळतो. मग कप पुरेना की दुकानदार पट्टा वाढवून देतो: ३८ चं ४०, ४० चं ४२. कप भरतो खरा, पण पट्टा पाठीवर वर सरकतो, छाती खाली येते, आणि छाती व पोट यांच्यामधली जागाच नाहीशी होते. वरचा कपडा कितीही भारी असला तरी मग तो गोणीसारखाच दिसणार.

छातीच्या लगेच खाली टेप घट्ट धरून माप घ्या. तो तुमचा पट्टा. माप विषम आलं तर पुढचा सम आकडा. मग छातीच्या सर्वांत भरलेल्या भागाचं माप घ्या. या दोन आकड्यांत एक इंचाचा फरक असेल तर ए, दोनचा बी, तीनचा सी, चारचा डी. ४२ बी, ४० सी आणि ३८ डी या तिन्हींत कपाची जागा साधारण सारखीच असते, फक्त पट्टा बदलतो. ४२ बी घालणाऱ्या कित्येक जणींचं खरं माप ३८ डी निघतं. असं माप गल्लीत मिळालं नाही तर मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन शोधा, पण शोधाच. आणि टेलरकडे माप द्यायला जाताना हीच ब्रा घालून जा.

पोट दाबणारा शेपवेअर घालायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझं मत विचाराल तर आठ-नऊ तासांच्या नोकरीला नको. बसल्यावर त्याची वरची कड गुंडाळून खाली येते आणि पोटावर आधी नव्हती ती वळी तयार होते.

माप घ्या, बसूनसुद्धा

एका वहीत ही मापं लिहून ठेवा: खांदा (हाडापासून हाडापर्यंत), छाती, छातीखाली, कंबर, पोटाचा सर्वांत फुगीर भाग, नितंब, दंड, मुंढा, मांडी. दंड आणि पोट ही दोन मापं टेलरही कधीकधी विसरतात, आणि कपडा नेमका तिथेच अडतो.

पोट आणि नितंब यांचं माप खुर्चीवर बसूनही घ्या. उभं असताना आणि बसल्यावर यात काही जणींचा दोन-तीन इंचांचा फरक पडतो. ऑफिसात आपण दिवसभर बसलेलेच असतो, आणि कपडा मात्र उभ्याने घेतलेल्या मापाचा. कुर्त्याची तिसरी गुंडी बसल्या बसल्या कशी ताणते, काज आडवं होऊन डोळा उघडल्यासारखी फट कशी पडते, हे ट्रायल रूममध्ये उभ्याने कधीच दिसत नाही.

कपड्याचं माप हे अंगापेक्षा जास्त हवं. ही सैलाई किती, ते कपड्यावर ठरतं. ब्लाउजला छातीत एक-दीड इंच पुरतो. न ताणणाऱ्या कापडाच्या कुर्त्याला तीन ते चार इंच, दंडाला दीड ते दोन, पँटला नितंबात निदान दोन. याहून कमी ठेवलं तर कापड वळ्या दाखवतं. फार जास्त ठेवलं तर अंगापेक्षा बोंगा मोठा. जाड बाया लपायला म्हणून ढगळ कपडे घेतात, आणि त्यात आहेत त्याहून रुंद दिसतात. खांदा, गळा आणि मुंढा अंगाबरोबर असेल तर खालचा घेर सैल असला तरी कपडा बेतलेला वाटतो. कुठलाही कपडा पारखताना नजर आधी खांद्यावर टाका. तिथे तो बसत नसेल तर हँगरवर परत ठेवा.

ऑनलाइन घेताना साधी युक्ती: तुमच्याकडचा उत्तम बसणारा कुर्ता पलंगावर सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा. कोष्टकात हा आकडा शोधा. मात्र कोष्टक अंगाच्या मापाचं आहे की कपड्याच्या, हे आधी वाचा. दोन्हींत चार इंचांची गफलत सहज होते.

ऑफिस काय मागतं ते बघा

कापड घेण्याआधी ज्या ठिकाणी जायचंय तिथले नियम विचारून घ्या. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचं परिपत्रक काढलं. त्यात महिलांसाठी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, ट्राउझरवर कुर्ता किंवा शर्ट असं सांगितलं होतं, आणि शुक्रवारी खादी. मार्च २०२४ मध्ये शाळांतल्या शिक्षकांसाठीही तसाच निर्णय आला: शिक्षिकांना साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा; जीन्स, टी-शर्ट आणि भडक नक्षी मात्र नको. खासगी कंपन्यांत लिखित नियम कमी आणि नजरा जास्त असतात. तिथे मुलाखतीला जाण्याआधी शक्य असेल तर संध्याकाळी सहाच्या सुमारास गेटबाहेर पाच मिनिटं उभं राहून सुटणाऱ्या बायका काय घालतात ते बघून या.

कुर्ता

सुरुवातीला सर्वांत सोपा आणि सर्वांना चालणारा. सरळ किंवा किंचित ए-लाइन, गुडघ्यापर्यंत किंवा त्याखाली चार बोटं. कळ्यांचा मोठ्या घेराचा अनारकली समारंभाला ठेवा. ऑफिसच्या खुर्चीत तो बसायला आणि सावरायला त्रास देतो.

दोन गोष्टी टेलरला मुद्दाम सांगा. पहिली, बाजूचे कट कुठे सुरू करायचे. रेडिमेड कुर्त्यात ते बहुधा पोटाच्या फुगवट्याच्या जवळच सुरू होतात. मग चालताना दोन्ही बाजू पडद्यासारख्या उघडतात आणि पुढचा भाग पोटावर तंबू होतो. कट नितंबाच्या सर्वांत भरलेल्या भागाच्या खाली, हाताची बोटं जिथे टेकतात त्याच्या आसपास सुरू करायला सांगा आणि तेवढा घेर आत द्या. दुसरी, पुढे प्रिन्सेस कट. खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून उभी उतरणारी ती शिवण छातीला जागा देते, छातीखाली आत घेते आणि पोटावर पुन्हा सोडते. साध्या बाजूच्या टक्सने मोठ्या छातीला हे जमत नाही.

गळा व्ही किंवा उभा चिरलेला कॉलरचा घ्या. बोटनेक टाळा, त्याने खांदे रुंद दिसतात. बाही कोपराच्या थोडी वर किंवा पाऊणबाही. दंडाच्या सर्वांत जाड जागी संपणारी बाही सगळ्यांत वाईट, तिथे नजर थांबतेच. दुपट्टा दोन्ही खांद्यांवर पिना लावून छातीवर पसरू नका. चुण्या घालून एका खांद्यावर सोडा, किंवा त्याऐवजी बिनबाह्यांचं लांब जॅकेट घाला. पुढून उघडं असलं की त्या दोन उभ्या कडा कुर्त्याची रुंदी आपोआप कमी करतात. लोकलने जाणारीला जॅकेटच बरं, ते दुपट्ट्यासारखं दुसरीच्या पर्समध्ये अडकत नाही.

रंगाबद्दल एक बोलते. काळ्याने बारीक दिसतं म्हणून कपाटभर काळं घेणाऱ्या बायका मी पाहते. रंगापेक्षा चमक महत्त्वाची. सॅटिन, चमकदार क्रेप, टिश्यू यांवर उजेड पडला की प्रत्येक उंचवटा वेगळा दिसतो. मॅट कापडात राणी, मोरपंखी, वांगी, गर्द हिरवा काहीही घाला. नक्षी अगदी बारीक नको आणि हातभर मोठीही नको. वर-खाली एकाच रंगाचा कुर्ता-पँटचा जोड उंच दाखवतो, हे मात्र खरं.

साडी, आणि निऱ्या का पुरत नाहीत

जाड बायका साडीला घाबरतात, आणि मला तर वाटतं की नीट नेसली तर साडीइतका समजूतदार पोशाख दुसरा नाही. तिला माप नसतं, हवं तसं आत-बाहेर करता येतं. अडचण येते ती तीन ठिकाणी.

पहिली, परकर. नाडीचा, चुण्यांचा परकर कमरेवर कापडाचा गोळा करतो. त्यावर निऱ्या खोचल्या की पोटाशी बोंगा. परकर सहा किंवा आठ कळ्यांचा, वर सपाट पट्टा असलेला शिवा, नाडीची गाठ बाजूला. आजकाल साडीखाली घालायचा ताणणारा शेपवेअर परकर मिळतो, तोही चालेल, पण पायाकडे चीर असलेला बघा. नसेल तर रिक्षात चढता येत नाही.

दुसरी, निऱ्या. साडी साधारण साडेपाच मीटरची. नितंब ४८ इंच असतील तर पहिल्या फेऱ्याला सव्वा मीटर गेलं, पुन्हा फिरवून खांद्यापर्यंत आणायला जवळपास तेवढंच, वर पदर दीडेक मीटर. उरलं दीड मीटर. पाच इंची एका निरीला पाव मीटर लागतं, म्हणजे पाच-सहा निऱ्या. ३६ नितंबांच्या बाईला याच साडीत सात-आठ पडतात. निऱ्या कमी पडल्या की साडी मांड्यांवर ताणते. यावरचा उपाय फुकटचा आहे: साडीला जोडून आलेला ८० सेंटिमीटरचा ब्लाउजपीस कापूच नका. बहुतेक साड्यांत तो खोचायच्या टोकाला असतो, रंग वेगळा असला तरी पहिल्या फेऱ्यात आत जातो, आणि तुम्हाला तीन निऱ्या जास्त मिळतात. फॉल लावायला देताना मात्र बाईंना हे सांगा, नाहीतर त्या ठरल्या जागी फॉल लावतील आणि तो निऱ्यांखाली येणारच नाही.

ब्लाउजसाठी वेगळं कापड घ्या. तसंही ४४ च्या पुढे छाती आणि कोपरापर्यंत बाही असेल तर ८० सेंटिमीटर पुरत नाही. टेलर मग बाहीला जोड देतो. एक ते सव्वा मीटर घ्या.

तिसरी, पदर. ऑफिससाठी पदराच्या चुण्या चार-पाच बोटं रुंद घाला. फार बारीक चुण्या घातल्या तर डाव्या कुशीतून पोट उघडं पडतं आणि छातीवर कापड ताणतं. वरची कड छातीवर आडवी ओढू नका, खांद्यापासून तिरकी उतरू द्या, आणि खांद्यावरची पिन ब्लाउजच्या शिवणीवर मागच्या बाजूने लावा.

कापड अंगाला धरून पडणारं हवं: मऊ क्रेप, जॉर्जेट, मलमल, माहेश्वरी, धुऊन मऊ झालेली मंगळगिरी. इरकल आणि नारायणपेठ ऑफिसात छान दिसतात, फक्त खळ देऊ नका. ऑर्गंझा आणि कडक कोटा अंगापासून लांब उभे राहतात, त्यामुळे सोडा. काठ दोन ते तीन इंचांचे. उंची कमी असेल तर वीतभर काठ खालून उंची खातो. पावसाळ्यासाठी एखादी सिंथेटिक क्रेप असू द्या. दादरहून चर्चगेटला भिजत गेलेली सुती साडी दुपारपर्यंत वाळत नाही.

ब्लाउजचं एवढंच सांगते: अस्तर सुती, बाही कोपराजवळ, पाठ फार खोल नको. गळा खोल पण अरुंद, म्हणजे खांद्यावरून घसरत नाही. लांबी नेहमीपेक्षा इंचभर जास्त, कारण हात वर केल्यावर ब्लाउज सरकतो. आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीत निदान एक-दीड इंच माया ठेवायला सांगा. वजन खालीवर होतंच, उसवून वाढवता आलं पाहिजे.

पँट, शर्ट, ब्लेझर

पँट घेताना आसन, म्हणजे कमरपट्ट्यापासून दोन पायांच्या जोडापर्यंतची खोली, बघा. आसन उथळ असेल तर कमरपट्टा पोटाखाली घसरतो आणि दर पंधरा मिनिटांनी वर ओढावा लागतो. पट्टा बेंबीपाशी बसणारा, पुढे सपाट, मागे इलॅस्टिक चालेल. पाय सरळ हवेत. घोट्याशी निमुळती होणारी पँट वरचं सगळं मोठं करून दाखवते. मांड्या घासणाऱ्यांची पँट आतल्या बाजूने आधी विरते. आत गुडघ्यापर्यंतची सुती शॉर्ट घाला आणि टेलरकडून तिथे आतून कापडाचा दुहेरी तुकडा लावून घ्या.

शर्ट छातीच्या मापाने घ्या आणि कंबर आत घेऊन आणा. छातीवरच्या दोन गुंड्यांच्या मध्ये आतून एक टिचबटण लावलं की फट पडत नाही.

ब्लेझर शक्यतो जेंट्स टेलरकडे शिवा. कॉलर आणि खांदा बसवण्याचा त्याचा हात रोजचा असतो. फक्त छातीला टक्स किंवा प्रिन्सेस कट हवा हे त्याला चित्र काढून सांगा, नाहीतर पुरुषी डबा होतो. ५८ इंच पन्ह्याचं कापड सव्वादोन मीटरच्या आसपास लागेल. एकच गुंडी, ती छातीखाली कंबर सर्वांत आत असते तिथे. लांबी नितंबाच्या मध्यावर नको, वर किंवा खाली. गुंडी लागली नाही तरी चालेल, पण खांदा बसलाच पाहिजे.

टेलर आणि ट्रायल

मुंबईत मंगलदास मार्केट आणि हिंदमाता, पुण्यात लक्ष्मी रोड, नागपुरात सीताबर्डी, कोल्हापुरात महाद्वार रोड. कापडाला तोटा नाही. जाड अंगाचं कापणारा टेलर मात्र शोधावा लागतो. पहिल्यांदा स्वस्त सुती कापडावर एकच कुर्ता किंवा ब्लाउज शिवून बघा. तो बसला तर तोच नमुना म्हणून त्याच्याकडे ठेवा आणि पुढचे त्यावरून. जो टेलर माप घेताना "ताई, थोडं वजन कमी करा की" म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. ते त्याचं काम नाही.

ट्रायलला चार गोष्टी करा: खुर्चीवर बसा, लोकलची कडी धरल्यासारखा हात वर करा, खाली पडलेली फाइल उचलायला वाका, आणि दोन्ही हात पुढे घेऊन टाइप केल्यासारखे धरा. पाठीत किंवा मुंढ्यात कुठे ओढ बसली तर तिथल्या तिथे खडूने खूण करून घ्या.

आधीच घेतलेल्या कपड्यांत काय दुरुस्त होतं? लांबी, कुशी, बाहीची रुंदी, कमरेचा पट्टा, आतली माया असेल तर थोडी वाढही. काय होत नाही? ब्लेझरचा खांदा, खाली उतरलेला मुंढा, उथळ आसन. त्यावर पैसे घालवू नका.

गणपतीपासून लग्नसराई संपेपर्यंत चांगले टेलर हाताशी लागत नाहीत, लागले तरी ट्रायल देत नाहीत. आषाढात ते मोकळे असतात आणि साडीच्या दुकानांत सेलही तेव्हाच. मुलाखतीची तारीख हातात नसली तरी दोन कुर्ते, दोन पँट, एक जॅकेट आणि चार साड्यांवर चालेल असा एक ब्लाउज तेव्हाच शिवायला टाका.